गंगाबाईच्या दाराखालची कमान

विमानाच्या पत्र्यावरून नख फिरवायचं. अडलं तर तो ओरखडा, नाही अडलं तर ती नुसती रेघ. ओरखड्याची नोंद करायची, माप घ्यायचं, साहेबांना दाखवायचं. रेघ मात्र मऊ कापडाने चोळून टाकायची आणि विसरून जायचं. नागपूरजवळच्या त्या दुरुस्ती-हँगरमध्ये ही नखाची परीक्षा कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना ती तोंडपाठ होती.

प्रणिता हेडाऊला ती तिच्या सासऱ्यांनी शिकवली. ती नोकरीला लागली तेव्हा मनोहरराव हेडाऊ तिथले पत्राकामाचे उस्ताद होते आणि ती त्यांच्या हाताखालची नवी तंत्रज्ञ. मनोहररावांनी सून आधी कामावर पारखली आणि मग मुलासाठी मागणी घातली, असं हँगरमध्ये गमतीने म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. ती त्यांना मामाजी म्हणे. घासून आरसा कसा करावा हे मामाजींकडून शिकावं. त्यांचा रोजचा जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबासुद्धा इतका लखलखीत, की जेवायच्या सुट्टीत त्याच्या झाकणात पाहून लोक भांग पाडत. सासूबाई प्रणिताने पाहिल्याच नव्हत्या, त्या तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. डबा मात्र त्यांच्या वेळचाच होता.

आता गंगाबाईविषयी. गंगाबाई म्हणजे माल वाहणारं एक जुनं विमान. दर वर्षी पाऊस सरला की ते तपासणीला यायचं आणि दसऱ्याला हमखास हँगरमध्येच असायचं, त्यामुळे अवजारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. मालकाने रंगाचं वजन वाचवायचं म्हणून त्याला रंग दिला नव्हता. नुसता उघडा, चकचकीत पत्रा. असा पत्रा दिसायला देखणा, पण त्यावर कुणाचं बोट लागलं तरी दिसतं. म्हणून गंगाबाई मामाजींच्या हातची. दुसऱ्या कुणाला तिच्या अंगाला हात लावायचा झाला तर आधी त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागे.

त्या वर्षी गंगाबाईपाठोपाठ पुण्याहून धातुशास्त्राच्या डॉक्टर कौमुदी ठोसर आल्या. त्यांच्या हातात एक पेटी होती आणि पेटीत त्यांनी शोधलेला लेप. हँगरचे प्रमुख नायडूसाहेब यांनी लेपाच्या चाचणीचं काम प्रणिताकडे दिलं.

ओरखडा घालवायचा तर आजवर एकच उपाय होता. आजूबाजूचा पत्रा घासत घासत ओरखड्याच्या तळापर्यंत न्यायचा. म्हणजे अंगणातला खड्डा बुजवता येत नाही म्हणून सगळं अंगणच खोल करण्यातला प्रकार. विमानाचा पत्रा आतून बळकट मिश्रधातूचा असतो, पण तो मिश्रधातू सहज गंजतो. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. घासायचं ते या थरातलं. थर संपला की आतला धातू उघडा पडतो, मग गंज धरतो आणि त्या जागी तडा जायला वेळ लागत नाही.

ठोसरबाईंचा लेप घासत नव्हता, भरत होता. पाण्यात विरघळवून विजेने ॲल्युमिनियम कशावर चढवता येत नाही, कारण त्याच्या आधी पाण्यातला हायड्रोजनच बाहेर पडतो. बाईंनी पाण्यालाच रजा दिली होती. साध्या तापमानाला पातळ राहणारा एक क्षार त्यांनी घेतला, त्यात ॲल्युमिनियम विरघळवलं, आणि लेपावर ठेवायला एक मऊ गादी व छोटी बॅटरी केली. आधी उलटी वीज देऊन पत्र्यावरची ऑक्साइडची साय काढायची, मग सुलटी द्यायची. एकेक अणू पत्र्यावर जाऊन बसे आणि ओरखडा तळापासून भरत येई.

गंगाबाईच्या मालाच्या दाराजवळ शिडी लागून एक ताजा ओरखडा पडला होता. प्रणिताने त्यावर तळहाताएवढी गादी बसवली. दुसऱ्या दिवशी गादी काढली तेव्हा ओरखडा नव्हता. तिने नख फिरवलं, ते कुठे अडलं नाही. मग सवयीने तिने विजेरी पत्र्यावर आडवी धरली, आणि भरलेल्या जागेत तिला एक अंधूक, वाकडी रेघ दिसली. काल तिथे असं काही नव्हतं.

ठोसरबाईंना आधी वाटलं, गादीची घडी पडली असेल. दोघींनी शेजारी दुसरी गादी लावली. रेघ तिथूनही पुढे गेली. चार दिवसांत त्यांनी दाराखालचा परातीएवढा भाग लेपाखाली आणला, तेव्हा विजेरीच्या तिरप्या उजेडात एकाखाली एक अशा कमानीच कमानी दिसायला लागल्या. ठोसरबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर काळजी होती, पण खरं तर त्या खूश होत्या.

मग त्यांनी प्रणिताला समजावून सांगितलं. नवे अणू पंगतीला बसावं तसे बसतात, आधीच्या रांगेला धरून. आधीची रांग सरळ असेल तर पुढची सरळ, आधीची वाकडी तर पुढचीही वाकडी. पत्र्यावर कधीकाळी टोकदार काही ओढलं गेलं, तर वरची चर घासून जाते, पण तिच्याखालचे स्फटिक चेंगरलेले राहतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि नखालाही कळत नाहीत. लेप मात्र त्यांच्यावर त्यांच्याच वाकड्या ओळीत वाढतो, आणि तेवढ्या जागेवरून उजेड वेगळा परततो.

"म्हणजे आपण पुसलेलं सगळं खाली असतंच," प्रणिता म्हणाली.

"असतंच. आणि मला वाटत होतं मी भरायचं औषध केलंय," ठोसरबाई म्हणाल्या.

ही बातमी हँगरभर व्हायला चहाची एक सुट्टी पुरली. लोक येऊन लेप कुठे कुठे लावायला सांगू लागले. पंखाच्या एका पत्र्यावर कुणीतरी पोलादी पट्टी धरून मारलेली सरळ रेघ वर आली. एका झडपेजवळ स्क्रू-ड्रायव्हर निसटल्याची खूण निघाली. पहिल्या दिवशी हसणं झालं, कुणाचं हे म्हणून एकमेकांना टोमणे झाले. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण एव्हाना प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं होतं. एक जुना कारागीर उगीचच रंगखात्यात बदली मिळेल का विचारून आला.

नायडूसाहेबांनी दोघींना बोलावलं. माणूस भला, पण गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहायची सवय. गिऱ्हाइकाला पत्रा चकचकीत पाहिजे, त्याची कुंडली नको, असं त्यांचं म्हणणं. ठोसरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की उपाय आहे. लेपात एक चिमूट दुसरा क्षार घातला की अणू खालच्या रांगेला जुमानत नाहीत, कसेही बसतात. पत्रा भरतो आणि खालचं काहीच वर येत नाही. मजबुती जवळजवळ तेवढीच. दोन मिश्रणांपैकी एकच मंजुरीला जाणार होतं, आणि चाचणी करणारी तंत्रज्ञ म्हणून प्रणिताचं मत दसऱ्याच्या आधी हवं होतं.

दसऱ्याच्या दिवशी आणखीही एक गोष्ट ठरलेली होती. मामाजी त्या महिनाअखेर निवृत्त होणार होते. पूजेनंतर त्यांचा सत्कार, आणि कंपनीच्या नव्या प्रशिक्षणशाळेत पत्राकाम शिकवायला तेच जाणार, अशी घोषणा. घरात त्यासाठी नवा सदरा शिवून आला होता. मामाजी तो दिवसातून एकदा तरी कपाटातून काढून पाहत आणि पुन्हा ठेवत.

प्रणिताला मत देण्याआधी त्या कमानी कशाच्या हे कळायला हवं होतं. तो प्रश्न तिला जेवतानासुद्धा सोडत नव्हता. एवढ्या कमानी, एकाच जागी, एकाच वळणाच्या. हाताने कुणी अशा काढणार नाही आणि यंत्राने काढल्या तर इतक्या कमी-जास्त येणार नाहीत. शेवटी तिने एक दोरा घेतला. त्याचं एक टोक चिकटपट्टीने पत्र्यावर इथे तिथे लावून पाहिलं, दुसरं टोक कमानीवरून फिरवलं. टोक दाराच्या मुठीवर लावलं तेव्हा दोरा एका कमानीवरून तंतोतंत फिरला. दोरा बोटभर सोडला, तर खालच्या कमानीवरून फिरला. म्हणजे मुठीला काहीतरी लोंबकळत होतं आणि झुलत होतं. पण विमानाच्या मुठीला लोंबकळणार काय?

उत्तर तिला घरी मिळालं. दसरा तोंडावर आला होता. मामाजी ओसरीवर झेंडूची टोपली घेऊन माळा ओवत बसले होते. दोरा ओला होतो, तुटतो, म्हणून ते माळ बारीक तारेत ओवत. पत्राकाम करणाऱ्याला दोऱ्याचा भरवसा वाटत नाही. शेवटचं फूल घसरू नये म्हणून तारेचं टोक त्यांनी पक्कडीने वाकवलं आणि माळ लांबीला बरी आहे का पाहायला दाराच्या कडीला अडकवली. वारा होता. माळ हलली, तशी तार लाकडावर कुरकुरली. प्रणिता पायातली चप्पल काढता काढता थांबली. कडीच्या खाली, दाराच्या निळ्या रंगात, कमानीसारखे ओरखडे होते. ते दार ती लग्न झाल्यापासून रोज उघडत होती.

"मामाजी, गंगाबाईच्या मुठीलाही माळ तुम्हीच लावता ना?" तिने विचारलं.

"मीच लावतो. दुसरा कोण लावणार?" मामाजी म्हणाले. "पूजेपासून सकाळपर्यंत राहते. वरचे पंखे चालू असतात ना, मस्त झुलते." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हातातलं फूल खाली ठेवलं. "तू काय पाहून राहिली?"

तिने सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे एक बारीक रेघ असतेच, हे त्यांनी लगेच कबूल केलं. नख अडत नाही, म्हणून ते स्वतःच्या हाताने चोळून टाकत. देवाच्या कामात पडलेली रेघ, ती कायले लिहायची, असं ते म्हणाले.

"एकेक रेघ मापातच असेल. पण माळ दर वर्षी बोटभर कमी-जास्त, तरी तिथंच असते मामाजी, आणि चोळणंही तिथंच," प्रणिता म्हणाली.

हिशेब त्यांना समजवावा लागला नाही. त्यांनी पक्कड मिटून टोपलीत ठेवली. मग ते खालच्या आवाजात बोलले. त्यांनी तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा ते स्वतः करून घेत.

"ठोसरबाईचा तो दुसरा लेप आहे ना, त्यात कोणाचंच काही दिसत नाही म्हणते. तोच घ्या ना. त्यानं काय बिघडते?" ते म्हणाले. "जाता जाता तोंडाले काळं नको लावू पोरी."

प्रणिता चप्पल काढून आत गेली. नवऱ्याला, देवेंद्रला तिने सगळं सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि कुठल्याही प्रश्नावर दोन्ही बाजू मांडायचा. तुला दिसलं ते तू लिहिणारच, बाबांना वाईट वाटणारच, आणि मला दोघांच्या मध्ये जेवायला बसायचंय, एवढंच तो म्हणाला. तिला त्याचा राग आला, पण त्यात खोटं काय होतं हे तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने कमानींवर जाडी मोजायचा ध्वनिमापक ठेवला. लेपाने चढलेलं वजा केल्यावर वरच्या बाजूला आकडा बरा होता. कमानींची दाटी जिथे जास्त तिथे तो उतरत गेला आणि मधल्या भागात मर्यादेच्या खाली गेला. मूळचा शुद्ध थर तिथे उरलाच नव्हता. मग तिने तडा शोधणारी विजेची सळई फिरवली. सगळ्यात खालच्या कमानीच्या पोटात काटा एकदम उडाला. तांदळाच्या दाण्याएवढा तडा होता तो. नखाला लागला नसता, डोळ्याला दिसला नसता. विमान उंच गेलं की आत हवा दाबून भरतात आणि पत्रा किंचित फुगतो, उतरलं की बसतो. प्रत्येक फुगण्याबरोबर असा तडा केसाएवढा वाढतो, आणि एक दिवस वाट पाहायचं सोडून देतो.

तिने त्या पत्र्यावर हात ठेवला. दुसरा लेप लावला असता तर या तड्यावर नवा, लखलखीत धातू चढला असता आणि गंगाबाई हसत हसत उडाली असती. आत दोन वैमानिक असतात, त्यांना ती नावानिशी ओळखत होती. तिला मामाजींचा सदरा आठवला, आणि तरी तिने मत लिहायला घेतलं.

तिने लिहिलं की दाराखालचा पत्रा कापून बदलावा. मंजुरीला पहिलंच मिश्रण जावं, जे खालचं वर आणतं. कारण म्हणून तिने माळेची तार लिहिली, पंखे लिहिले, आणि दर वर्षीचं बिननोंदीचं चोळणं लिहिलं. नखाची परीक्षा मीही रोज करते, हेही लिहिलं. मामाजींचं नाव कुठे घातलं नाही. त्याची गरजच नव्हती, माळ कोण लावतं हे अख्ख्या हँगरला माहीत होतं.

नायडूसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि गंगाबाईचं उड्डाण थांबवलं. दसऱ्याची पूजा अवजारांच्या गाड्यापुढे झाली. सत्काराचा विषय कुणी काढला नाही. प्रशिक्षणशाळेत दुसरे गृहस्थ गेले. मामाजींना वाकडा शब्द कुणी बोललं नाही, आणि त्यांना तेच जास्त लागलं. महिनाअखेर ते डबा पिशवीत घालून नेहमीच्या बसने घरी आले. नवा सदरा घडी न मोडता कपाटात राहिला.

दसऱ्यापासूनच ते प्रणिताशी बोलेनासे झाले होते. भांडण नाही, आदळआपट नाही. भाजी हवी असली तरी देवेंद्रकडे पाहून म्हणत, हिला सांग. प्रणिता वाढायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. आपलं चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही, पण त्यामुळे घरातली शांतता काही कमी झाली नाही.

लेप मंजूर झाला. दुसऱ्या गावांच्या हँगरांतही गेला आणि तिथे त्याला बोलका लेप म्हणायला लागले. ठोसरबाईंना गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. लेप लावायच्या आधीच लोक येऊन सांगू लागले, साहेब, इथे माझा हात निसटला होता. नखाची परीक्षा बंद झाली. नख अडो न अडो, रेघ दिसली की नोंद करायची, असा नियम आला, आणि कारागीर कुरकुरत का होईना तो पाळू लागले.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीही झाली. एका दुपारी फाटकावरून प्रणिताला निरोप आला की कुणीतरी भेटायला आलं आहे. जाऊन पाहते तर मामाजी. अंगात तोच नवा सदरा, गळ्यात पाहुण्यांचा पास. ज्या फाटकातून ते जन्मभर नुसते मान हलवून आत गेले, तिथे त्यांना सही करावी लागली होती. ते तिच्याशी बोलले नाहीत. तिच्यामागून चालत थेट ठोसरबाईंच्या टेबलाशी गेले आणि पिशवीतून आपला डबा काढून ठेवला.

"यावर जमते का तुमचं ते?" त्यांनी विचारलं.

"ॲल्युमिनियम आहे, जमायला हवं. पण यावर तर काहीच नाही काका," ठोसरबाई म्हणाल्या.

मामाजी झाकणाकडे पाहत बोलू लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांच्या बायकोने या झाकणावर खिळ्याने ठोकून विमान काढलं होतं. विमान तिने फक्त लांबून पाहिलेलं. एवढ्या डब्यांत आपल्या माणसाचा डबा ओळखू यावा म्हणून काढलं. जेवायच्या सुट्टीत पोरं हसली, म्हणाली हा तर बगळा आहे. मामाजींना तेव्हा नुकती घासायची कला आली होती. त्यांनी तिथेच बसून झाकण घासलं, आरसा होईपर्यंत.

"मग त्या काय म्हणाल्या?" ठोसरबाईंनी विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरून देला," मामाजी म्हणाले. "नंतर कधी विचारलंच नाही. मीही नाही, तिनंही नाही."

प्रणिताने झाकणावर गादी बसवली. डब्याला थर पातळच पुरे होता, संध्याकाळच्या चहापर्यंत होणार होतं. घरी जाऊन या म्हटलं तर मामाजी हलले नाहीत. स्टुलावर बसून ते बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिले. तिने चहा आणून दिला तो त्यांनी घेतला, पण प्यायला विसरले.

गादी निघाली. प्रणिता विजेरी उचलायला गेली, तर त्यांनी आधीच हात पुढे केला होता. त्यांनी उजेड आडवा धरला, हळूहळू फिरवला. आधी काही ठिपके दिसले. मग एक पंख. मग दुसरा, जरा वरच लागलेला. लांब मान, आणि खाली दोन चाकं, ती काड्यांसारखी. एकेका ठिपक्यावर खिळा किती जपून ठेवला असेल ते दिसत होतं.

"बगळाच आहे," मामाजी म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग त्यांनी विजेरी खाली ठेवली. उजव्या हाताची तर्जनी झाकणावर आणली आणि त्या पंखांवरून, मानेवरून सावकाश नख फिरवलं. झाकण गुळगुळीत होतं. दसऱ्यानंतर पहिल्यांदा ते प्रणिताकडे वळले.

"नख नाही अडत पोरी," ते म्हणाले. "तरी लिहून घे."

प्रणिताने लिहून घेतलं.